अर्डेलबाईंचं गवत आणि तिसरा नकार

नॉर्ड लेक गावात कुणी कॉफी विचारली तर आधी नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा विचारलं तर ‘नको गं, उगाच कशाला त्रास’ असं म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग ‘बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप’ असं म्हणून काठोकाठ भरलेला कप घ्यायचा. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरट ठरतो आणि दोनदा विचारून थांबणारा चिक्कू. तिसऱ्यांदाही जो नको म्हणतो, त्याच्यासाठी मात्र गावाच्या काळजात कालवतं. बिचारा फारच अडचणीत असणार, तोंडानं सांगायला लाजतोय, असं समजून गाव त्याला न विचारताच मदत करून मोकळं होतं.

मिनेसोटातल्या या गावात तळं आहे, धान्याची उंच कोठारं आहेत, एकमेकांशी न बोलणारी दोन लुथरन चर्चं आहेत, पण सरळ नकार मात्र औषधालाही सापडायचा नाही. चर्चच्या तळघरात रविवारी वड्यांचा ट्रे येतो. शेवटची वडी कुणीच उचलत नाही. एक जण अर्धी कापून घेतो, दुसरा उरलेल्यातली अर्धी, तिसरा त्यातली अर्धी. शेवटी जो चुरा उरतो तो भांडी घासणाऱ्याच्या वाट्याला येतो आणि त्यालाही तो खाताना इकडेतिकडे बघावं लागतं.

अर्डेल टॉलेफसनबाई या विद्येत गावात पहिल्या नंबरच्या. दंतवैद्याच्या दवाखान्यात दारातल्या टेबलावर त्यांनी उभं आयुष्य काढलं. गाल टम्म सुजलेला माणूस आत यायचा आणि म्हणायचा, “तसं काही विशेष नाही, डॉक्टर कामात असतील तर पुढच्या महिन्यात येतो.” अर्डेलबाई त्याला हाताला धरून थेट खुर्चीत नेऊन बसवायच्या. माणसाच्या नाहीतून हो कसा काढायचा हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

पास्टर लिंडी गावात नवी आली तेव्हा तिलाही हे त्यांनीच शिकवलं. पोरगी पूर्वेकडच्या शहरातली. कुणी नको म्हणालं की ती खुशाल ट्रे पुढं न्यायची. आजारी माणूस ‘भेटायला येऊ नका’ म्हणाला की जायचीच नाही. गाव मनातून दुखावलं, बोललं अर्थातच नाही. शेवटी अर्डेलबाईंनी तिला स्वयंपाकघरात बसवून समजावलं, “पास्टर, बोटांवर मोजत जा. तीन नकार झाल्याशिवाय नको म्हणजे नको नसतं. आणि तीन झाले की तर नसतंच नसतं.” पोरगी हुशार, शिकली. इतकी शिकली की पुढं तेच अर्डेलबाईंच्या मुळावर आलं.

आता गवताकडे येऊ. अर्डेलबाईंचा नवरा ऑरिन हा सज्जन माणूस. लग्नानंतरचा प्रत्येक शनिवार त्यानं गवत कापायच्या, बसून चालवायच्या मशीनवर, बायकोकडे पाठ करून काढला. पाठीमागून तो अर्डेलबाईंना जितका ओळखीचा होता तितका समोरून नव्हता. तो गेला आणि गावाबाहेरच्या दफनभूमीत कडेच्या जागेवर निजला. त्याला भेटायला जाता जाता अर्डेलबाईंचं लक्ष कुंपणालगतच्या पट्ट्याकडे गेलं. तिथं नांगर कधी फिरला नव्हता की मशीन कधी पोचलं नव्हतं. पांढरे लोक गाड्या घेऊन यायच्या आधी या साऱ्या मुलखावर जे गवत होतं, ते तेवढ्या पट्ट्यात अजून उभं होतं. उन्हाळ्यात निळसर, सप्टेंबरात तांब्याच्या भांड्यासारखं लालसर. एक जात तर अशी की फुलावर आली की भाजलेल्या लाह्यांचा वास सुटायचा. अर्डेलबाईंनी कोटाच्या खिशात थोडं बी भरून आणलं. ऑरिनला भेटण्यापेक्षा गवताला भेटायला आपण जास्त येतो हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्याची त्यांना काडीची लाज वाटली नाही.

दुधाच्या रिकाम्या कॅन अर्ध्या कापून त्यात माती घातली, बी पेरलं आणि भर जानेवारीत त्या मागच्या पायरीवर बर्फात मांडून ठेवल्या. या गवताच्या बियांना थंडी सोसल्याशिवाय उगवायचं नसतं. पहिल्या वर्षी चार केस उगवावेत तसं काहीतरी आलं. दुसऱ्या वर्षी पुढच्या अंगणातली सगळी हिरवळ काढून अर्डेलबाईंनी रोपं लावली. ती जमिनीत खाली खाली मुळं घालत बसली आणि वर काही दाखवेनात. तिसऱ्या वर्षी फुलायचं हे गवत.

आणि मधल्या काळात दफनभूमी समितीनं नवं मशीन घेतलं. समितीचा अध्यक्ष व्हर्जिल ब्रेके, अर्डेलबाईंचा शेजारी. नवं मशीन कुंपणाला अगदी चिकटून जायचं. एका दुपारी त्यानं तो पट्टा साफ केला, तणनाशक मारलं आणि वर चर्चमध्ये सगळ्यांकडून टाळ्या घेतल्या. त्या दिवसापासून ते जुनं गवत गावात एकाच जागी उरलं. अर्डेलबाईंच्या पुढच्या अंगणात.

गाव अंगणाकडे बघून म्हणायचं, “वेगळंच आहे.” नॉर्ड लेकमध्ये याहून वाईट शिवी नाही. घर जळालं तरी लोक तिथं ‘बरंच ऊबदार झालंय’ म्हणतील, पण ‘वेगळंच आहे’ म्हणणार नाहीत. मग गावानं आपसात कारण शोधलं. अर्डेलबाईंचा खुबा दुखतो. चालताना लंगडतात. बिचारीला हिरवळ कापणं झेपत नाही, त्यातून हे जंगल माजलंय. सांगायला लाजतेय.

व्हर्जिल एका सकाळी कुंपणाशी आला. ओठांत पेन्सिल धरल्यासारखं बोलायची त्याची सवय.

“अर्डेल, मशीन बाहेर काढलंच आहे. तुझंही फिरवून टाकू?”

“नको रे. ते मी मुद्दाम लावलंय.”

“काही त्रास नाही. दोन फेऱ्यांत होईल.”

“नको व्हर्जिल. ते गवत आहे. लावलेलं आहे.”

“बरं बरं. पण कधीही सांग.”

“नकोच,” असं अर्डेलबाई तिसऱ्यांदा बोलून बसल्या. व्हर्जिलचे डोळे ओलसर झाले होते.

जूनमध्ये त्यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. मोठ्या गावातल्या इस्पितळातून त्या परतल्या तेव्हा फ्रीझर हॉटडिशनं भरला होता. खाली खिमा, मध्ये डब्यातलं मशरूम सूप, वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्या. आठ घरांतून आलेल्या आठही अगदी सारख्या. आणि पुढचं अंगण साफ. पट्ट्यापट्ट्यांत कापलेलं, चटईसारखं. दारात व्हर्जिल आणि मार्लिस उभे होते. मार्लिस, त्याची बायको, हातात पुष्पगुच्छ घेऊन.

“वाटलं, तू घरी आलीस की तुला बरं वाटेल,” व्हर्जिल म्हणाला.

आता अशा वेळी माणूस काय करतो? कुठल्याही शहाण्या गावातली बाई कुबडी उगारून धावली असती. अर्डेलबाई म्हणाल्या, “अगं बाई! कशाला एवढा त्रास घेतलात!” आणि आत जाऊन, दार लावून, हॉटडिशनं भरलेल्या फ्रीझरला टेकून रडल्या. दुःखानं नाही, संतापानं. दुसऱ्या दिवशी आभाराच्या वड्या करून त्यांनी ब्रेके मंडळींकडे पाठवल्या. ओट्सच्या, वर चॉकलेटच्या. इतक्या रागात केलेल्या वड्या गावात कधी कुणी खाल्ल्या नसतील, पण त्या सगळ्या संपल्या.

गवत मेलं नव्हतं. मुळं माणसाच्या उंचीहून खोल गेलेली, त्यांना मशीन म्हणजे न्हाव्यानं केस कापल्यासारखं. जुलैच्या उन्हात पुन्हा निळे कोंब वर आले आणि ऑगस्टमध्ये गुडघ्यापर्यंत पोचले. आता फक्त सप्टेंबर गाठायचा होता. एकदा फुललं, बी धरलं की मग ते खिशात भरून कुठंही नेता येईल.

अर्डेलबाईंनी हरप्रकारे सांगून पाहिलं. अंगणात पाटी लावली: ‘हे इथलं मूळचं गवत आहे. मुद्दाम लावलं आहे. कृपया कापू नये.’ लोकांनी थांबून वाचली आणि डोळे पुसले. मार्लिस म्हणाली, “किती ते मानी मन!” टपाल टाकणाऱ्यानं दोन घरं पुढं जाऊन सांगितलं की बाई आता पाट्या लावायला लागल्यात. पास्टर लिंडीला त्यांनी गाठून साफ सांगितलं, “पास्टर, मला खरंच नको आहे. माझ्या नकोला तुम्ही नको समजा.”

पास्टर लिंडीनं त्यांचे दोन्ही हात धरले. “अर्डेल, तुम्ही मला शिकवलंत ना? मी विसरलेली नाही.”

“पण ते वेगळं होतं.”

“मला सगळं कळतं,” पास्टर हळुवारपणे म्हणाली. हेच शिकवलं होतं तिला. अर्डेलबाईंना आपली जीभ चावावीशी वाटली.

ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी मंडळी घरी आली. व्हर्जिल, मार्लिस आणि पास्टर. तिघांनीही बूट दाराशी काढले, म्हणजे प्रकरण गंभीर. व्हर्जिलच्या काखेत गुंडाळलेला नकाशा होता. अर्डेलबाईंनी कॉफी मांडली, वड्या मांडल्या. दोन-दोन नकार पार पाडून सगळ्यांनी घेतल्या. गप्पा हवेवरून मक्याकडे, मक्यावरून कुणाच्या तरी गुडघ्याकडे गेल्या. ताटलीत शेवटची एक वडी उरली.

मग पास्टरनं घसा साफ केला. “अर्डेल, पुढच्या महिन्यात चर्चचा सेवेचा रविवार आहे. दर वर्षी आपण एका घराला हात देतो. एक छोटीशी कल्पना आहे. अगदीच छोटी. तुम्हाला नको असेल तर खुशाल नको म्हणा.”

व्हर्जिलनं नकाशा उलगडला. अर्डेलबाईंचं पुढचं अंगण होतं, पूर्ण हिरव्या पेन्सिलीनं रंगवलेलं. “नुसतं कापून भागत नाही, पुन्हा येतंय ते. म्हणून आम्ही बाराएक जण येतो. सगळं मुळापासून खणून काढतो, उरलेल्यावर औषध मारतो, माती सारखी करतो आणि तयार हिरवळीच्या गुंडाळ्या अंथरतो. दुपारपर्यंत तुझं अंगण थेट माझ्या अंगणासारखं. पुन्हा जन्मात तुला काळजी नाही.”

अर्डेलबाईंच्या डोळ्यांपुढून दफनभूमीचं कुंपण गेलं. साफ, पिवळं, औषध मारलेलं. खोल मुळं मशीनला भीक घालत नाहीत, पण कुदळ आणि औषध म्हणजे शेवट. त्यांचं तोंड उघडलं आणि ‘नको’ हा शब्द अगदी दातांपर्यंत आला. तेवढ्यात त्यांना पास्टरचा हात दिसला. मांडीवर, हातरुमालाखाली, तिनं मोजायला एक बोट तयार ठेवलं होतं.

एक नको म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारतील. दुसऱ्यांदा म्हटलं तर तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा म्हटलं की बाराचे वीस जण येतील, रडत येतील. नकोच्या ज्या कुठल्या वाटेनं जावं ती हिरवळीच्या गुंडाळीपाशीच पोचत होती. अर्डेलबाईंनी जन्मभर ती वाट झाडून-पुसून ठेवली होती आणि आता स्वतःच तिच्यावर अडकल्या होत्या.

त्यांनी हात पुढं केला, ताटलीतली शेवटची वडी उचलली, अख्खी, आणि तोंडात टाकली.

व्हर्जिलनं सुरी हातात घेतली होती, अर्धी करायला. ती तशीच राहिली.

“हो,” अर्डेलबाई वडी चावत म्हणाल्या.

“काय हो?” पास्टरनं विचारलं. तिचं बोट अधांतरी होतं.

“हो म्हणजे हो. या ना. बाराच जण का पण? अंगण मोठं आहे, जास्त आणा. आणि येताच आहात तर गॅरेजही रंगवून घ्या. पांढरा नको, मला पांढऱ्याचा कंटाळा आलाय.”

“गॅरेज,” व्हर्जिल म्हणाला.

“आणि छप्पर बघा. मार्लिस, जेवणाचं तू बघ. हॉटडिश दोन कर, एक मला फ्रीझरला लागेल. गेल्या वेळच्यात मीठ कमी होतं. आणि व्हर्जिल, हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ रोज काढून देत जा. सहाला ये, मला सातला बाहेर पडायचं असतं.”

वरून त्या हे असं बोलत होत्या. आतून मात्र कपडे न घालता चर्चमध्ये उभं राहिल्यासारखं त्यांना वाटत होतं. आणि भीती वेगळीच. या भल्या माणसानं ‘बरं’ म्हटलं तर? तर गवतही जाईल, अब्रूही जाईल आणि वर गॅरेज रंगवून मिळेल.

व्हर्जिलनं नकाशाची एक कड दुमडली. मग दुसरी. “बघावं लागेल,” तो म्हणाला. “बाकीच्यांना विचारायला हवं. माझी पाठही जरा...”

“मला वाटतं त्या रविवारी पाऊस आहे,” पास्टर म्हणाली. रविवार पुढच्या महिन्यातला होता.

“पावसात रंग धरत नाही,” व्हर्जिलनं दुजोरा दिला.

“मी थांबेन,” अर्डेलबाई म्हणाल्या. “कधीही या.”

इतक्या झटपट बूट घालून नॉर्ड लेकमध्ये आजवर कुणी बाहेर पडलं नसेल. नेहमी निरोपाचा कार्यक्रम दाराशी अर्धा तास चालतो, मग गाडीशी अर्धा तास. या वेळी दार लागलंसुद्धा. मार्लिस तेवढी पायरीवर क्षणभर रेंगाळली. अर्डेलबाईंकडे तिनं असं पाहिलं की जणू त्यांनी भर बाजारात गाणं म्हटलं होतं. मग व्हर्जिलनं हाक मारली आणि ती गेली.

सेवेच्या रविवारी लख्ख ऊन पडलं. मंडळींनी तळ्याकाठचे बाक रंगवले.

आणि गवत फुललं. आधी ते लाह्यांच्या वासाचं, मग निळसर काड्यांचं. सप्टेंबर सरता सरता सगळं अंगण तांबूस झालं. संध्याकाळी ऊन आडवं आलं की प्रत्येक तुऱ्यावर पांढरं लुसलुशीत बी चमकायचं. वाऱ्यानं ते एका बाजूला झुकायचं आणि पुन्हा उभं राहायचं. अर्डेलबाई खुर्ची टाकून बघत बसायच्या. चुकचुकणारं कुणी नव्हतं, पाटी वाचणारं नव्हतं. कुणीच नव्हतं.

कारण बातमी गावभर झाली होती. पहिल्याच विचारण्याला हो म्हणाली. शेवटची वडी खाल्ली. अख्खी. चर्चच्या तळघरात त्या टेबलाशी आल्या की वड्यांचा ट्रे आपोआप पलीकडच्या टोकाला सरकू लागला. कुणी काही देऊ करेना, कारण देऊ केलं आणि बाईनं घेतलं तर? व्हर्जिल हिरवळ कापताना दोन घरांमधल्या रेघेशी असं वळण घ्यायचा की पलीकडचं एक पातंही हलू नये. एकदा तो कुंपणाशी थांबला, लाल झालेल्या गवताकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “वेगळंच आहे.”

“हो,” अर्डेलबाई म्हणाल्या. तो दचकून निघून गेला.

त्यांना माणसांची आठवण यायची. खोटं कशाला बोला. फ्रीझर रिकामा झाला होता आणि त्या बेचव हॉटडिशचीसुद्धा आठवण यायची. गवत जिंकलं होतं, पण गवताशी किती बोलणार? दंतवैद्याच्या दारात बसून साऱ्या गावाचं न बोललेलं ऐकणारी बाई, आता तिला बोललेलंही ऐकू येईना.

ऑक्टोबरात त्या कागदी पिशवीत बी ओरबाडून घेत होत्या, तेव्हा मागच्या दारानं मार्लिस आली. मागच्या, म्हणजे व्हर्जिलला दिसू नये अशा. टोपी कानांपर्यंत ओढलेली.

अर्डेलबाईंनी तिला आत घेतलं. सवयीनं विचारलं, “कॉफी घेतेस?”

“नको नको, उगाच कशाला...” मार्लिस थांबली. तिचे ओठ घट्ट मिटले. गालावर लाली चढली. “हो,” ती म्हणाली. “पूर्ण कप.”

अर्डेलबाईंनी कप काठोकाठ भरला. वड्यांचा ट्रे पुढं केला.

“ती कडेची,” मार्लिस बोट दाखवून म्हणाली. “कडेची कुरकुरीत असते. मला फार आवडते. लग्न झाल्यापासून व्हर्जिल खातोय. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं होतं, मी नको म्हणाले.”

अर्डेलबाईंनी कडेची वडी तिच्या बशीत ठेवली. मग तिच्या शेजारी दुसऱ्या कडेचीही ठेवली. आणि बियांची पिशवीच उचलून पुढं केली. “बी नेतेस थोडं? दुधाच्या कॅनमध्ये पेरायचं आणि बर्फात ठेवायचं.”

“हो,” मार्लिस म्हणाली. या वेळी जरा लवकर आलं. “कॅन मी साठवायला लागले आहे. सेवेच्या रविवारपासूनच.”

“लावशील कुठं?”

“पुढच्या अंगणात. मधोमध, तो झेंड्याचा खांब आहे ना, त्याच्या भोवती सगळीकडे.”

अर्डेलबाईंनी खिडकीतून पलीकडे पाहिलं. व्हर्जिलची हिरवळ ऑक्टोबरातही पट्ट्यापट्ट्यांत कापलेली होती, गावात पहिला नंबर. “आणि व्हर्जिल?”

“त्याला विचारणार ना. न विचारता कसं करायचं?”

“अगं, पण तो नको म्हणेल!”

मार्लिसनं कडेची वडी कुरकुर आवाज करत खाल्ली आणि बोटं चाटली. “म्हणेल की,” ती म्हणाली. “तीनदा म्हणेल.”